रेड कोलमडते तेव्हा: डिस्क बिघडली की कर्नल बदलला?

चार डिस्क एकत्र बांधून त्यांवर रेड ५ पद्धतीचा साठा उभा केलेला लिनक्स सर्व्हर सकाळी पाहावा आणि चारपैकी दोन डिस्क बाद झालेल्या दिसाव्यात, अशी वेळ सर्व्हर सांभाळणाऱ्या कोणावरही येऊ शकते. रेड ५ एक डिस्क गेली तरी तग धरते, दोन गेल्या तर धरत नाही. त्यामुळे सारी माहिती गेली असे वाटून माणूस हाताला येईल ती आज्ञा देऊ लागतो. माझे ठाम मत असे की अशा प्रसंगी डिस्कच्या बिघाडापेक्षा या घाईच्या दुरुस्तीचा धोका मोठा असतो. पुष्कळदा दोन्ही डिस्क धडधाकट असतात आणि त्यांवरील माहितीही जागच्या जागी असते. बिघडलेले असते ते डिस्क आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा यंत्रभागांशी थेट बोलणारा गाभा, यांच्यातील संभाषण, आणि कधीकधी खुद्द कर्नलमध्ये झालेला एखादा बदल. हे दोन्ही कसे ओळखावे, हे येथे क्रमाने पाहू.

रेडची कल्पना डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या बर्कलीच्या तिघांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधातून रूढ झाली. एकाच महागड्या डिस्कवर भिस्त ठेवण्याऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र वापराव्यात आणि त्यांतील एखादी निकामी होणार हे गृहीत धरूनच माहितीची मांडणी करावी, हे तिचे सार. रेड ५ मध्ये हे पॅरिटीच्या साहाय्याने साधते. तीन डिस्कवर एकाच जागी १, ० आणि १ हे बिट असतील, तर एक या अंकाची एकूण संख्या सम राहावी म्हणून चौथ्या डिस्कवर ० लिहिला जातो. मधली डिस्क गेली, तर उरलेल्या १, १ आणि ० यांत एक हा अंक दोनदा, म्हणजे आधीच सम वेळा आलेला आहे. म्हणून हरवलेला बिट ० असला पाहिजे, हे गणिताने कळते. दोन डिस्क एकदम गेल्या तर समीकरण एक आणि अज्ञात दोन, अशी अवस्था होते आणि उत्तर निघत नाही.

लिनक्समध्ये हे काम दोघे वाटून घेतात, आणि ही वाटणी नीट समजली की पुढील निम्मा गोंधळ टळतो. प्रत्यक्ष वाचणे, लिहिणे, पॅरिटी काढणे आणि डिस्क बाद ठरवणे ही कामे कर्नलमधील ‘एमडी’ हा ड्रायव्हर करतो. संच उभा करणे, थांबवणे, जोडणे आणि तपासणे यांसाठी आपण जी आज्ञा वापरतो ती ‘एमडीअ‍ॅडम’. ती कर्नलच्या बाहेर राहणारी साधी आज्ञावली आहे. नील ब्राउन यांनी एमडीअ‍ॅडम लिहिली आणि एमडी ड्रायव्हरची देखभालही कित्येक वर्षे केली. या दोहोंना बांधणारा दुवा म्हणजे प्रत्येक डिस्कवर लिहिलेला सुपरब्लॉक. नेहमीच्या १.२ आवृत्तीत तो डिस्कच्या किंवा पार्टिशनच्या आरंभापासून ४ किलोबाइट अंतरावर असतो. हा संच कोणता, त्यात डिस्क किती, ही डिस्क कितव्या क्रमांकाची, माहिती ज्या तुकड्यांत डिस्कवर वाटली जाते त्यांचा आकार किती आणि खरी माहिती कोठून सुरू होते, हे सारे त्यात नोंदलेले असते. त्यातच ‘इव्हेंट्स’ नावाचा एक आकडा असतो, आणि निदानाच्या दृष्टीने त्याच्याइतके मोलाचे दुसरे काही नाही. संचाच्या स्थितीत बदल झाला की हा आकडा सर्व चालू डिस्कवर वाढतो. बाहेर पडलेल्या डिस्कवर तो तेथेच थांबतो. बंद पडलेल्या घड्याळावरून ते केव्हा थांबले हे जसे कळावे, तसे या आकड्यावरून आणि शेजारच्या ‘अपडेट टाइम’ या नोंदीवरून कोणती डिस्क आधी गेली, कोणती नंतर आणि किती वेळाने, हे कळते.

म्हणून पहिले काम वाचनाचे. प्रॉक फोल्डरातील ‘एमडीस्टॅट’ या फाइलमध्ये चौकटी कंसात चालू डिस्कसाठी यू हे अक्षर आणि गैरहजर डिस्कच्या जागी अधोरेषा दिसते. त्यानंतर एमडीअ‍ॅडमचा ‘एक्झामिन’ हा पर्याय प्रत्येक डिस्कवर चालवावा आणि चारही डिस्कचे निकाल या संचाबाहेरच्या जागी, पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या संगणकावर, फाइल करून ठेवावेत. सुपरब्लॉक केवळ वाचणारी ही आज्ञा काहीही बदलत नाही; आणि पुढे काही चुकलेच, तर संच मुळात कसा होता याचा हाच एकमेव लेखी पुरावा उरतो. त्याबरोबर कर्नलचा लॉग आणि प्रत्येक डिस्कचा स्मार्ट अहवालही, म्हणजे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीविषयी ठेवलेली नोंदही, जपून ठेवावा. स्मार्ट अहवालात सर्वप्रथम पाहावयाचे ते दुसऱ्या जागी हलवलेले सेक्टर (डिस्कवरील माहितीचे लहान कप्पे), वाचता न आल्यामुळे प्रलंबित राहिलेले सेक्टर आणि केबलवरून येताना बिघडलेल्या माहितीची गणती, हे तीन आकडे. तिसरा आकडा वाढत असेल आणि पहिले दोन शून्य असतील, तर डिस्क बदलण्याआधी केबल बदलून पाहावी.

तीस सेकंदांचा गैरसमज

दोन धडधाकट डिस्क एकाच रात्री बाद होण्याचे एक कारण इतके नेहमीचे आहे की त्यावर थोडे थांबले पाहिजे. डिस्कवरील एखादा सेक्टर नीट वाचता आला नाही की डिस्क स्वतःच तो पुनःपुन्हा वाचून पाहते. घरगुती वापरासाठी बनवलेली डिस्क या प्रयत्नात दोन मिनिटे किंवा त्याहूनही अधिक वेळ घालवू शकते, कारण एकट्या डिस्कच्या मालकाला उशीर परवडतो, माहिती गमावणे परवडत नाही. रेडमध्ये गणित उलटे होते. तेथे दुसऱ्या डिस्कवरून तोच मजकूर गणिताने काढता येतो, म्हणून डिस्कने काही सेकंदांत हार मानून तसे स्पष्ट कळवावे हेच सोयीचे असते. डिस्कने वाचनात चूक झाल्याचे कळवले की एमडी उरलेल्या डिस्कवरून तो तुकडा काढतो आणि त्याच सेक्टरवर पुन्हा लिहितो. या लेखनामुळे सेक्टर सुधारतो किंवा डिस्क त्याच्या जागी राखीव सेक्टर वापरू लागते. वापरणाऱ्याला काही कळतही नाही.

परंतु कर्नलचा डिस्कशी बोलणारा स्तर उत्तराची वाट मुळात ३० सेकंदच पाहतो. तेवढ्यात उत्तर आले नाही की तो जोडणी रीसेट करतो. डिस्क अजून आपल्याच प्रयत्नात गुंतलेली असल्याने रीसेटलाही दाद देत नाही. दरम्यान एमडी तो सेक्टर सुधारण्यासाठी लिहू पाहतो, ते लेखनही फसते, आणि लेखन फसले की एमडीच्या नियमाप्रमाणे ती डिस्क संचातून बाहेर. एका वाईट सेक्टरपायी अशी अख्खी डिस्क जाते. मग व्यवस्थापक नवी डिस्क जोडतो, पुनर्बांधणीसाठी उरलेल्या तिन्ही डिस्क आरंभापासून शेवटपर्यंत वाचल्या जातात, त्यांतील एखादीवर वर्षानुवर्षे न वाचलेला दुसरा वाईट सेक्टर निघतो आणि तोच प्रकार पुन्हा घडतो. चार टेराबाइटच्या चार डिस्क असतील तर या पुनर्बांधणीत १२ टेराबाइट वाचावे लागतात. घरगुती डिस्कच्या माहितीपत्रकात न वाचता येणाऱ्या चुकीचे कमाल प्रमाण १०चा चौदावा घात इतक्या बिटांमागे एक, म्हणजे सुमारे १२.५ टेराबाइटमागे एक, असे छापलेले असते. प्रत्यक्षात डिस्क पुष्कळदा याहून बऱ्याच चांगल्या वागतात, तरीही हे दोन आकडे शेजारी ठेवले की एकाच रात्री दोन डिस्क बाद झाल्याचे नवल उरत नाही.

उपाय सोपा आहे, आणि तो साठा बांधला त्याच दिवशी करावयाचा असतो. डिस्कमध्ये ‘एससीटी ईआरसी’ ही सोय असेल, तर ‘स्मार्टसीटीएल’ या आज्ञेने तिची मर्यादा ७० वर ठेवावी. हा आकडा सेकंदाच्या दशांशात असल्याने डिस्क सात सेकंदांत प्रयत्न सोडते. ती सोय नसेल तर उलट बाजूने जावे, म्हणजे त्या डिस्कसाठी कर्नलची वाट पाहण्याची मुदत ३० वरून १८० सेकंदांवर न्यावी. कर्नलची मुदत सर्व्हर पुन्हा सुरू होताच मूळ पदावर येते, आणि वीज गेल्यावर डिस्कमधील मर्यादाही बहुतेक वेळा पुसली जाते. त्यामुळे सर्व्हर सुरू होताना चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ही आज्ञा असली पाहिजे. लॉगमध्ये आधी वेळ संपल्याची नोंद, मग रीसेटची आणि त्यानंतर डिस्क बाद केल्याची, अशी साखळी दिसली तर निदान येथेच झाले असे समजावे.

जोडणे आणि नव्याने बांधणे

आता तो बंद पडलेला संच. अर्धवट उभा राहिलेला असेल तर तो आधी थांबवावा. मग चारही डिस्कचे इव्हेंट्स आकडे ताडून पाहावेत. समजा, दोन डिस्कवर आकडा ४८२१० आहे, तिसरीवर ४८२०४ आणि चौथीवर ३१५७७. चौथी डिस्क फार आधी बाहेर पडलेली होती आणि कोणाच्या लक्षात आले नव्हते. काल रात्री गेली ती तिसरी. अशा वेळी पहिल्या दोन आणि तिसरी एवढ्याच डिस्क देऊन एमडीअ‍ॅडमचा ‘असेंबल’ हा पर्याय ‘फोर्स’सह वापरावा. तिसरीवरचा मागे पडलेला आकडा बाकीच्यांच्या बरोबरीला आणला जातो आणि संच एका डिस्कच्या उणिवेसह उभा राहतो. मधल्या सहा नोंदींच्या काळातले काही लेखन त्या डिस्कवर पोहोचले नसेल, तर तेवढे नुकसान होते. बाकी सारे हाती येते. चौथी डिस्क मात्र जुन्या माहितीसह संचात घेणे घातक आहे. ती नंतर नवी डिस्क समजून जोडावी, आणि तीही महत्त्वाचा मजकूर बाहेर उतरवून घेतल्यावर, कारण पुनर्बांधणीचा ताण उरलेल्या तिन्ही डिस्कवर पडणार असतो.

इंटरनेटवर याऐवजी ‘क्रिएट’ या पर्यायाने तोच संच पुन्हा बांधावा असा सल्ला वारंवार वाचायला मिळतो. माझी कळकळीची विनंती आहे की तो मानू नये. क्रिएट जुना सुपरब्लॉक पुसून नवा लिहितो, आणि त्यात डिस्कचा क्रम, तुकड्याचा आकार व माहितीचा आरंभ या तिन्ही गोष्टी मुळाबरहुकूम जुळाव्या लागतात. चार डिस्कचे क्रमच २४ होतात. तुकड्याचा ठरीव आकार जुन्या एमडीअ‍ॅडममध्ये ६४ किलोबाइट होता, आता ५१२ आहे. माहितीचा आरंभही जुन्या आवृत्तीत एक मेगाबाइटवर, तर पुढच्या आवृत्तीत १२८ मेगाबाइटवर ठेवलेला आढळतो. त्यामुळे आज्ञा तंतोतंत तीच, पण एमडीअ‍ॅडमची आवृत्ती वेगळी, एवढ्यानेही संच जुळत नाही. आणि क्रिएट करताच सुरू होणारी पॅरिटीची जुळणी चुकीच्या मांडणीवर लेखन करून टाकते. प्रयोग करणे भागच असेल तर प्रत्येक डिस्कवर डिव्हाइस मॅपरचा स्नॅपशॉट चढवावा. त्यात मूळ डिस्क केवळ वाचली जाते आणि सारे लेखन दुसऱ्या जागेवरील एका फाइलमध्ये साठते. प्रयोग फसला तर फाइल पुसावी. डिस्क होती तशीच असते.

वीज जाण्याच्या क्षणी माहिती लिहिली गेली पण तिची पॅरिटी लिहायची राहिली, तर दोहोंचा मेळ सुटतो. यावर कर्नल ४.४ पासून वेगळ्या डिस्कवर जर्नल, म्हणजे लेखनाची आधी केलेली नोंद, ठेवण्याची आणि ४.१२ पासून अंशतः पॅरिटीची नोंदवही ठेवण्याची सोय आहे. चांगला यूपीएस असलेल्या लहान साठ्याला यांची निकड क्वचितच भासते.

संशयाची सुई कर्नलकडे कधी वळवावी

डिस्कचे स्मार्ट अहवाल स्वच्छ, सर्व डिस्कवर इव्हेंट्स आकडा एकच, केबल ठीक, आणि तरीही संच उभा राहत नाही किंवा फाइली बिघडलेल्या दिसतात. आणि आदल्याच दिवशी कर्नल अद्ययावत केलेला आहे. ही लक्षणे एकत्र दिसली की कर्नलमधील बदल तपासावा. असा प्रत्येक बदल म्हणजे एक पॅच: कोणत्या फाइलमधील कोणत्या ओळी वजा केल्या आणि कोणत्या अधिक, याची यादी आणि तिच्या डोक्यावर लेखकाने दिलेले कारण. सी भाषा न येणाऱ्यानेही हा वरचा मजकूर वाचावा. दोष सुधारणाऱ्या पॅचमध्ये बहुधा ‘फिक्सेस’ ही ओळ असते, आणि कोणत्या जुन्या बदलाने बिघाड आणला त्याचा ओळखक्रमांक तेथे दिलेला असतो. आपला कर्नल त्या दोहोंच्या मधला आहे का, हा निदानातला कळीचा प्रश्न.

याचे मला माहीत असलेले सर्वांत बोलके उदाहरण रेड ० चे आहे. रेड ० मध्ये पॅरिटी नसते. माहितीचे तुकडे केवळ आळीपाळीने डिस्कवर टाकले जातात. डिस्क निरनिराळ्या आकाराच्या असतील तर एमडी विभाग पाडतो: सर्वांत लहान डिस्क भरेपर्यंत पहिला विभाग सर्व डिस्कवर, आणि पुढचा विभाग उरलेल्या मोठ्या डिस्कवर. समजा डिस्क तीन आहेत, लहान डिस्कवर तीनच तुकडे मावतात आणि बाकी दोन मोठ्या आहेत. पहिल्या विभागात ० ते ८ असे नऊ तुकडे बसले. दहावा तुकडा दुसऱ्या विभागातला पहिला. तो दोन मोठ्या डिस्कपैकी कोणत्या डिस्कवर जाईल? मोजणी संचाच्या आरंभापासून केली तर त्याचा क्रमांक ९, दोनने भागून बाकी १, म्हणून दुसरी डिस्क. मोजणी विभागाच्या आरंभापासून केली तर क्रमांक ०, म्हणून पहिली डिस्क. जुना कर्नल पहिल्या पद्धतीने मोजत असे. २०१४ च्या मार्चमध्ये आलेल्या ३.१४ या आवृत्तीत, वाचन-लेखनाच्या मोठ्या मागण्या तोडण्याची पद्धत सुधारताना, मोजणी नकळत दुसऱ्या पद्धतीची झाली. जुन्या कर्नलने लिहिलेले तुकडे नवा कर्नल भलत्याच डिस्कवर शोधू लागला, आणि त्या स्थितीत नव्याने लिहू लागला.

हे ध्यानात यायला पाच वर्षे लागली, याचे कारण अशी रचना विरळ आहे: किमान तीन डिस्क हव्यात, त्या असमान हव्यात आणि दुसऱ्या विभागात एकाहून अधिक डिस्क उरायला हव्यात. २०१९ साली नील ब्राउन यांनी लिहिलेला पॅच ५.४ मध्ये आला आणि तेथून जुन्या स्थिर शाखांतही उतरला. त्याने केलेली गोष्ट विचार करण्याजोगी आहे. संच कोणत्या काळातल्या कर्नलने लिहिला हे सुपरब्लॉकमध्ये कोठेच नोंदलेले नव्हते, म्हणून कर्नलला ते ओळखता येणे शक्य नव्हते. अंदाजाने चालवण्यापेक्षा असा संच उभा करण्यासच नकार द्यावा आणि ‘रेड०.डिफॉल्ट_लेआउट’ हे मूल्य व्यवस्थापकाने स्वतः द्यावे, असे ठरले: जुन्या मोजणीसाठी १, नव्या मोजणीसाठी २. अद्ययावत केल्यानंतर ज्यांचा साठा उभा राहिला नाही, त्यांना डिस्क गेल्यासारखेच वाटले असणार. प्रत्यक्षात कर्नल त्यांची माहिती राखत होता. त्यात भर म्हणजे पहिल्या पॅचमधील सूचनेत त्या मूल्याचे नाव ‘रेड.डिफॉल्ट_लेआउट’ असे, शून्य गाळून, छापले जात होते आणि ते सुधारायला वेगळा पॅच लागला. सूचना जशीच्या तशी उतरवून घेणाऱ्याचा संच उभा राहिला नसता. पॅच वाचणाऱ्याला खरे नाव तेथेच सापडले असते.

दुसरे उदाहरण लहान आहे. ५.१० हा कर्नल १३ डिसेंबर २०२० रोजी आला आणि दुसऱ्याच दिवशी ५.१०.१ प्रसिद्ध करावा लागला, तो रेडशी संबंधित दोन बदल मागे घेण्यासाठी. दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्तीतही पहिल्या दिवशी असे घडू शकते, म्हणून साठ्याच्या सर्व्हरवर नवा कर्नल आला त्या रात्रीच चढवू नये.

तिसरे उदाहरण वरच्या एका नियमाला अपवाद ठरणारे आहे. २०१२ साली संगणक बंद होतानाच्या वागणुकीत केलेल्या एका बदलामुळे काही संचांच्या सुपरब्लॉकमधील रेडचा प्रकारच पुसला जाऊ लागला; एक्झामिनमध्ये प्रकार ‘अननोन’ दिसे. माहिती मात्र जागेवर होती. अशा वेळी जोडण्यासारखे काही उरत नाही आणि क्रिएट हाच मार्ग राहतो, तोही ‘अझ्यूम क्लीन’ या पर्यायासह, म्हणजे पॅरिटीची जुळणी सुरू होऊ न देता. ज्यांनी एक्झामिनचा निकाल आधीच कोठेतरी उतरवून ठेवला होता, त्यांना क्रम, आकार आणि आरंभ शोधत बसावे लागले नाही. म्हणूनच तो निकाल साठा सुरळीत चालू असतानाच एकदा काढून ठेवावा.

कर्नलचा क्रमांक पाहताना एक सावधगिरी हवी. रेड हॅट या कंपनीच्या एंटरप्राइज लिनक्स ८ चा कर्नल शेवटपर्यंत ४.१८ म्हणवतो, पण त्यात पुढच्या आवृत्त्यांमधील कित्येक बदल मागे आणून बसवलेले असतात. डेबियन आणि युबंटू ही लिनक्सची इतर रूपेही आपापल्या परीने असेच करतात. म्हणून अमुक दोष ५.४ मध्ये सुधारला याचा अर्थ ४.१८ म्हणवणारा कर्नल सदोष आहे असा होत नाही. निर्णय त्या पॅकेजच्या बदलनोंदीवरून करावा.

बदलनोंदीतही काही सापडले नाही, तर ‘गिट बायसेक्ट’ ही दोषी बदल शोधणारी आज्ञा उरते. चांगला चालणारा कर्नल आणि बिघडलेला कर्नल यांच्यामध्ये सोळा हजार बदल असले, तरी प्रत्येक वेळी मधला बदल घेऊन, कर्नल बांधून चाचणी केली की उरलेले निम्मे होतात आणि चौदा चाचण्यांत दोषी बदल हाती लागतो. ही चाचणी खऱ्या साठ्यावर कधीही करू नये. साध्या फाइलींना लूप डिव्हाइस बनवून, म्हणजे डिस्कसारखे वागायला लावून, त्यांवर त्याच प्रकारचा, त्याच प्रमाणात असमान आकारांचा छोटासा संच उभा करता येतो; रेड ० चा तो घोटाळाही काही मेगाबाइटच्या तीन फाइलींवर दाखवता येतो.

नवा कर्नल पसंत पडला तरी जुना लगेच काढून टाकू नये. सर्व्हर सुरू होताना कर्नल निवडू देणाऱ्या ग्रबच्या यादीत तो राहू द्यावा. नव्या कर्नलवर संचाची एक पूर्ण ‘चेक’ तपासणी होऊ द्यावी. डेबियनमध्ये ती महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप होण्याची व्यवस्था दीर्घकाळ आहे. तपासणीनंतर ‘मिसमॅच काउंट’, म्हणजे न जुळलेल्या जागांचा आकडा, पाहावा. एकच मजकूर सर्व डिस्कवर ठेवणाऱ्या रेड १ वर स्वॅप (मेमरीला जोड म्हणून वापरली जाणारी डिस्कवरील जागा) असेल तर तो शून्याहून थोडा अधिक निघणे निरुपद्रवी असते. रेड ५ आणि दुहेरी पॅरिटीच्या रेड ६ मध्ये मात्र तो शून्यच हवा; तसा नसेल तर ‘रिपेअर’ देण्याआधी बॅकअप ताजा आणि उघडून पाहिलेला आहे ना, याची खात्री करावी, कारण रिपेअर पॅरिटी माहितीशी जुळवून घेतो; दोहोंपैकी खरे कोण, हे त्याला कळत नाही.